डागातली शीर

मंगळवार, ७ जानेवारी

बायकोच्या हातातली बांगडी निघत नव्हती. आधी साबण लावला, मग खोबरेल. स्कॅन सेंटरची नर्स म्हणाली, "कापून काढू का, भाई? आत धातू चालत नाय." बतूलनं हात माझ्या हातातून सोडवून घेतला, बांगडी दुसऱ्या हातात धरली आणि एका हिसक्यात ओढून काढली. डाव्या हाताच्या पाठीवर लाल वळ उठला.

"धरा," ती म्हणाली आणि बांगडी माझ्या खिशात टाकली.

ओढली उजव्या हातानं. उजवा हात कमजोर आहे असं मी सात वर्षं लिहीत आलो आहे. निदान झालं तेव्हा मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते, रोजचं टिपून ठेवा, उपयोगी पडेल. आता ते विचारत नाहीत. माझी सवय राहिली.

तिला आत नेलं. मी बाकावर बसलो. दारामागून मशीनचा ठोका ऐकू येत होता. कुणी पत्र्यावर थांबून थांबून हातोडा मारावा तसा.

पेणला हे दुसरं स्कॅन. पहिलं गेल्या जानेवारीत झालं. डॉ. प्रतिक्षा गावंड मेंदूच्या डॉक्टर आहेत. मूळच्या वडखळच्या, शिकल्या मुंबईत, दर मंगळवारी पेणला येतात. त्यांचा अभ्यास चालू आहे. बतूलला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीर आपल्याच मज्जातंतूंवरचं वेष्टण खातं, आणि मेंदूत जिथं खाल्लं तिथं एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसतात. एवढं आम्हाला पाठ आहे. डॉ. प्रतिक्षांना मात्र डागातली शीर बघायची असते. या रोगात डागाच्या मधोमध एक बारीक शीर जाते. शिरेतल्या रक्तात लोह असतं, म्हणून चुंबकाला ती काळी दिसते. वर्षभरात ती शीर किती बदलते, बारीक होते का, हे त्यांना मोजायचं आहे.

माझं रोह्यात नळ-पाईपचं दुकान आहे. गेल्या वर्षी मी विचारलं होतं, "क्षारानं पाईप आतून भरत जातो तसं का?"

"तसं असतं तर सोपं होतं, इद्रीसभाई. इथं बाहेरूनही कुणीतरी आवळत असेल."

बाकावर अनिता होती. पेणजवळच्या जिते गावची. तीही या अभ्यासात आहे. बतूलपेक्षा लहान, पण चालायला काठी लागते. बतूल बाहेर आली तेव्हा तिनं विचारलं, "आतमदी काय केलंस गो?"

"झोपली."

"त्या आवाजात? धन्य हाय तुजी. मी तर आत पडल्या पडल्या सासूला शिव्या देते. तेवढीच एक जागा हाय, कोण ऐकत नाय."

बतूल हसली. रिक्षात हसत होती, स्टेशनात हसत होती. मी म्हणालो, इतकं हसू नकोस, थकशील. मग ती रोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

शुक्रवार, १० जानेवारी

जुम्याची नमाज झाली की मी दुकान उघडत नाही. घरी येतो, हात धुतो, फ्रिजमधून तिच्या औषधाची सुई काढतो. ती गार देता येत नाही. दोन्ही तळहातांत धरून ऊब द्यावी लागते. तेवढा वेळ बतूल समोर बसते. आम्ही बोलत नाही. उजवा दंड, डावा दंड, उजवी मांडी, डावी मांडी, अशी पाळी. आज उजवा दंड.

सात वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही. आधी कुवेतला नोकरीत होतो, तिथं मी इतक्या नेमानं काही केलं नव्हतं.

शनिवार, ११ जानेवारी

बतूल अंथरुणात. ताप, अंग ठणकतं. शनिवार तिला वाईट जातो. शुक्रवारी संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बाया येऊन बसतात, त्यांच्याशी बोलून ती थकते. पुढच्या शुक्रवारी कुणाला येऊ द्यायचं नाही.

पेज केली. पट्ट्या ठेवल्या. संध्याकाळी माझा हात धरून न्हाणीपर्यंत चालली.

रविवार, १९ जानेवारी

दुकानातून आलो तर ती घरात नव्हती. कुंडलिकेच्या पुलावर सापडली, कठड्याला टेकून पाणी बघत होती. आम्ही राहतो त्या अष्टमीहून पूल जवळ आहे. पण एकटी गेली होती.

"पडली असतीस म्हणजे?"

"पडली नाय ना."

"उद्या पडशील."

"मग उद्या रागवा. आज ॲडव्हान्स कशाला?"

हात धरून घरी आणली. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला मी लोखंडी दांडा बसवून घेतला आहे, धरून चालायला. दांड्यावर तिनं ओले कपडे वाळत घातले होते. मी ते काढून दोरीवर टाकले.

शनिवार, २५ जानेवारी

ताप. काल घरात कुणी आलं नव्हतं, तरी. थंडी बाधली असेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉ. प्रतिक्षांनी दोघांनाही आत बोलावलं. एरवी त्या बोलतात आणि लिहितात, आज पेन खाली ठेवलं होतं.

त्यांनी आधी दुसऱ्याच कुणाचं तरी चित्र दाखवलं. नाव झाकलेलं. करड्या मेंदूत पांढरा, लांबट डाग, आणि त्याच्या मधून आरपार एक काळी रेघ. सोललेल्या वालावर केस चिकटावा तशी. मग त्याच माणसाचं या वर्षीचं चित्र. डाग तोच, केस आणखी बारीक.

"या रोगात बहुतेक डाग असे दिसतात," त्या म्हणाल्या. "शिरेभोवती धरलेले."

मग बतूलचं. पांढरे डाग मी ओळखतो. डाव्या बाजूचा मोठा, वरचे तीन लहान. सात वर्षं ते तिथंच आहेत. मी त्यांच्यात रेघ शोधली. एकात होती, कडेला. बाकीचे कोरे.

"म्हणजे काय?" बतूलनं विचारलं.

"नुसत्या शिरेवरून मी बोलणार नाही. पण सात वर्षांत एकही नवा डाग नाही. पाठीतलं पाणी तपासलं होतं, त्यातही काही नव्हतं. आम्ही चार डॉक्टर बसून सगळं पुन्हा बघितलं. बतूलताई, मला वाटतं तुम्हाला हा रोग नाही. बहुधा कधीच नव्हता. तुमची अर्धशिशी आहे. तिच्यातही डोळ्यापुढं अंधारतं, अर्धं अंग बधिर होतं. मेंदूत असे डागही राहू शकतात."

खोलीत पंखा फिरत होता. बतूल स्वतःच्या हातांकडे बघत होती.

मी विचारलं, "मशीन चुकू शकतं का?"

बतूलनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही.

"चुकू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून सुया बंद करू आणि सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. मध्ये काही वेगळं वाटलं तर मला फोन करायचा. दिवसा, रात्री, कधीही."

"मग मुंबईच्या डॉक्टरांची चूक?"

"त्यांना डाग दिसले. शिरांचं चित्र तेव्हा कुणी काढत नव्हतं."

बाहेर अनिता बसली होती. बतूलनं तिला सांगितलं. सांगताना तिचा आवाज असा होता, जणू तिनं अनिताचं काहीतरी चोरलं आहे. अनितानं काठी बाकाला टेकवली आणि तिचा गाल ओढला.

"रडतेस काय? माज्या सगल्या डागांत शिरा हायेत, त्याबी बारीक झालेल्या. सासरे म्हणतात हिला डोकंच नाय. आता फोटू दाखवते, बघा, डोकंबी हाय आनि शिराबी हायेत."

"बारीक झाल्यात म्हणजे चांगलं की वाईट?" बतूलनं विचारलं.

"तेच बघतायत. अजून कुनाला ठावं नाय."

म्हणजे ते झाकलेलं नाव तिचं असावं. मला तिच्या नवऱ्याचा चेहरा आठवला नाही. तो कधी आलाच नाही बहुतेक.

गाडीत कासू गेलं, नागोठणं गेलं. निडीच्या पुढं बतूल म्हणाली, "तवा मी बत्तीसची होती."

औषध चालू असताना मूल नको, असं तेव्हा सांगितलं होतं. रोहा आलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मी खूश आहे. लिहून ठेवतो.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. सहा महिने जाऊ देत. मशिदीत आज कुणाशी तरी माझी ओळख करून देताना इमामसाहेब म्हणाले, "हे इद्रीसभाई, यांनी बायकोसाठी कुवेत सोडलं." नेहमी असंच म्हणतात. त्या माणसानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी हात काढून घेतला नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जुम्याहून आलो. हात धुतले. मग करायला काही नव्हतं. दुकान उघडलं. शुक्रवारी दुपारी माझं दुकान बंद असतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून गिऱ्हाईक आलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बतूल सकाळी उठली. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, माझ्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी घासल्या, शेजारच्या रशिदा खालांकडे जाऊन आली. ताप नाही. योगायोग असेल.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आजही काही नाही. रोग दबून बसलेला असू शकतो. मुंबईचे डॉक्टर म्हणायचे, हा रोग मधूनमधून गप्प बसतो.

दांड्यावर पुन्हा कपडे. आज मी काढले नाहीत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रमजान जवळ आला. बतूल म्हणाली, रोजे ठेवणार.

सात रमजान तिनं रोजे ठेवले नाहीत. उपाशी राहणं सोसणार नाही, औषध चालू, म्हणून मी दर वर्षी फिदया दिला. रोज्याच्या बदल्यात एका गरिबाचं जेवण. पहाटे सहरीच्या जेवणाला मी एकटा उठायचो. तिची झोप मोडू नये म्हणून दिवा लावायचो नाही, फ्रिजच्या उजेडात कालचा भात खायचो.

"आणि राहिलेले?" ती म्हणाली. "ते सात रमजानचे? मी आजारी नव्हती, तर ते माझ्यावर बाकी हायेत ना?"

इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तुम्ही फिदया दिलात, तो पोचला. परत ठेवायची गरज नाय. अल्लाह नियत बघतो."

घरी येऊन सांगितलं. बतूल भांडी पुसत होती.

"बाकी नसतील. पण माझे हायेत."

"सात महिन्यांचे रोजे? कधी ठेवणार?"

"गुरुवारी एक. जमलं तर सोमवारी एक. मला कुठं जायचंय?"

मग म्हणाली, "फिदया तुमी दिलात. उपास तर माझाच होता ना."

शनिवार, २२ फेब्रुवारी

दुपारी दुकानात फोन. तिच्या डोळ्यापुढं नागमोडी उजेड आला, उजव्या हाताची बोटं बधिर झाली. मी शटर अर्धवट टाकून धावत आलो. ती अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडकं बांधून बसली होती. पहिल्यांदा झालं होतं तेव्हाही हेच. अगदी हेच.

डॉ. प्रतिक्षांना फोन केला. त्यांनी बतूलशी बोलून बारीकसारीक विचारलं, मग माझ्याशी. "ही अर्धशिशी आहे. ऐका, इद्रीसभाई, हे घाबरण्यासारखं नाही. उलट सात वर्षांपूर्वी काय झालं असेल ते आपण आत्ता बघितलं. सुई नको."

तासाभरात बोटं ठीक झाली. संध्याकाळपर्यंत डोकेदुखी उतरली.

मुंबईच्या डॉक्टरांचा फोन लागला नाही.

डॉ. प्रतिक्षांनी बतूलला वर्षातून दोनदा बघितलं आहे. मी रोज बघतो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दुकानात एकजण पाईप परत घेऊन आला. चिरलेला आहे म्हणाला. उजेडात धरून बघितला, चीर नव्हती. तो म्हणाला, तरी बदलून द्या, माझ्या मनाला वाटतं. बदलून दिला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

जुम्याहून आलो. हात धुतले. फ्रिज उघडला. दह्याच्या भांड्यामागं तीन सुया शिल्लक आहेत.

बतूल दारात उभी होती. "काय करताव?"

"रमजान लागेल. महिनाभर उपाशी राहणार तू. एक घेऊन ठेव. धोका नको."

"डॉक्टर नको म्हणाल्यात."

"डॉक्टरांचा अभ्यास आहे. चुकला तर त्या पुन्हा करतील."

"आणि मी?"

"तुझ्यासाठीच म्हणतोय गो."

ती आत येऊन समोर बसली. मी सुई दोन्ही तळहातांत धरली. फार गार होती. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, तो किक मारत होता. बतूल माझ्या हातांकडे बघत होती. खूप वेळ बघत होती. ती उठून जाईल असं मला वाटलं, आणि गेली असती तर मी अडवलं नसतं.

तिनं बाही वर केली.

"उजव्या दंडाची पाळी ना?"

पाळी तिच्या लक्षात होती. मी सुई दिली. कापूस दाबून धरला. एरवी ती कापूस स्वतः धरते. आज माझा हात तसाच राहू दिला.

शनिवार, १ मार्च

सकाळी तापानं फणफणली. अंग ठणकतं, दात वाजतात. मी दुकान उघडलं नाही. पेज केली, पट्ट्या बदलत बसलो. न्हाणीपर्यंत हात धरून नेली. किती दिवसांनी दिवस नीट भरल्यासारखा गेला.

दुपारी तिनं डोळे उघडले.

"आज कंचा वार?"

"शनिवार."

"मागचे तीन शनिवार मी उभी होती. दुखलं ते फक्त डोकं. काल तुमी सुई दिली, आज मी पडली."

मी पट्टी पिळली.

"हे मला सात वर्षांपूर्वी कळायला पायजे होतं. नाय कळलं. शनवार आला की तुमी असे उशाशी बसायचात. मला वाटायचं, माणूस एवढा बसतो म्हणजे आजार मोठाच असणार."

"मग काल घेतलीस कशाला?"

"तुमचे हात बघितले. तुमी ती सुई धरून बसलाव तसं मला कधी धरून बसला नाय. म्हटलं, शेवटची घेऊया. ती तुमच्यासाठी होती. आजचा ताप पण तुमच्यासाठी. झाला तो हिशोब."

मला बोलायचं होतं. कुवेत सोडलं ते बोलायचं होतं, दांडा, पेज, सगळं. पण ते सगळं तिला माहीत होतं. ती तिथंच होती.

"आता माझ्यासाठी एक करा," ती म्हणाली.

"काय?"

"संध्याकाळी चांद दिसला आणि माझा ताप उतरला, तर उद्या मला रोजा हाय. मधे येऊ नका. थकशील म्हणू नका. पडशील म्हणू नका."

"आणि नाही उतरला तर?"

"तर बसा उशाशी."

ती झोपली. मी तिथंच बसलो. ताप बघायला कपाळावर हात ठेवायचा होता. प्रत्येक वेळी हात उचलला की कळेना, उतरलेला हवा आहे की चढलेला. इथं खोटं लिहून काय उपयोग.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजेनंतर तिला घाम फुटला. कपाळ गार लागलं. उठून बसली, स्वतः जाऊन तोंड धुतलं. जाताना दांड्याला हात लावला नाही. मग गच्चीच्या जिन्याकडे गेली. जिन्याला कठडा नाही. मी खाली थांबलो. वर तिची पावलं ऐकू येत होती. पलीकडच्या गच्चीवरून रशिदा खाला ओरडल्या, "बतूल गो, तकडं बग, माडाच्या डावीकडं! दिसला?"

"दिसला," बतूल म्हणाली.

दोन सुया डब्यात घालून डबा चिकटपट्टीनं बंद केला. मंगळवारी पेणला जाऊन डॉ. प्रतिक्षांना देईन. काल तिसरी कुठं गेली ते त्यांना सांगावं लागेल.

रविवार, २ मार्च

पहाटे बतूलनं मला हलवून उठवलं. "उठा, सहरीचा वेळ जातोय." स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. भाकऱ्या झाल्या होत्या. आम्ही जेवलो. तिनं रोज्याची नियत केली, मी केली. नंतर मी दुकान उघडलं.